मॅन्डोलिन घेऊन रिओला: शोरोच्या गोलात बसेपर्यंत

2025 चा एप्रिल मी रिओ दि जानेरोत काढला, शोरो हे तिथलं वाद्यसंगीत शिकण्यासाठी. निघण्याआधी विचारायला कोणी नव्हतं. वाद्य विमानात कसं न्यायचं, ब्राझीलच्या व्हिसाला काय लागतं, आणि मुख्य म्हणजे रागदारी वाजवणाऱ्या माणसाने शोरोवाल्यांत जाऊन बसायचं कसं? आता कोणाला जायचं असेल तर त्याला माझ्याइतकं चाचपडावं लागू नये, म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

मी पुण्यात मॅन्डोलिन वाजवते, शिकवते. तालीम हिंदुस्थानी. आपल्याकडे या वाद्याचं नाव काढलं की लोकांना जुनी सिनेमाची गाणी आठवतात, आणि ते साहजिक आहे. संगीतकार लक्ष्मीकांत मुळात मॅन्डोलिनवादकच. सज्जाद हुसेन यांनी त्यावर राग मांडले, दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतात त्याला मानाची जागा मिळवून दिली. पण अख्ख्या एका संगीतपरंपरेच्या मध्यभागी हे वाद्य बसलेलं पाहायचं असेल तर ब्राझीलला जावं लागतं. तिथे त्याला बान्दोलिम म्हणतात.

शोरो रिओत जन्मला, 1870 च्या आसपास. युरोपातून आलेले पोल्का, वॉल्ट्झसारखे नाच आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ताल यांच्या मिश्रणातून. बासरीवादक जोआकिम कालादो, पियानोवर शिकिन्या गोंझागा आणि अर्नेस्तो नाझारे, मग संगीतकार पिक्सिंगिन्या. बान्दोलिमवाल्यांसाठी मात्र सगळ्यात मोठं नाव जाकोब दो बान्दोलिम (1918–1969). हा माणूस कोर्टाच्या कचेरीत नोकरी करायचा आणि घरी वादकांच्या बैठका भरवायचा. त्याची ध्वनिमुद्रणं मी कित्येक वर्षं ऐकत आले. एक एक स्वर असा सुटा, स्वच्छ आणि तरी बोलका वाजवणारा दुसरा मला माहीत नाही.

कागदपत्रं

जानेवारीत ठरवलं आणि आधी पिवळ्या तापाच्या लसीच्या मागे लागले. हे काम शेवटी ठेवू नका. लसीची कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून सरकारी केंद्रं ठरलेल्या वारी, नाव नोंदवलेल्यांनाच लस देतात. मला मुंबईत 31 जानेवारीची वेळ मिळाली. फी तीनशे रुपये. पासपोर्ट सोबत न्यायचा, कारण लसीच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे पिवळ्या कार्डावर, त्याचा नंबर लिहितात. तो तिथेच उभं राहून तपासून घ्या. अंड्याची ॲलर्जी आहे का हे विचारतात. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, त्यामुळे ते पासपोर्टलाच जोडून ठेवायचं.

व्हिसाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो ब्राझीलच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर आहे आणि बऱ्यापैकी सरळ आहे. आईवडिलांची नावं, राहण्याचा पत्ता, फोटो, सही, पासपोर्टचं पान हे सगळं अपलोड केलं की बारकोड असलेली एक पावती तयार होते. ती छापून, फोटो चिकटवून, सही करून बाकीच्या कागदांसोबत द्यायची. मी जोडलेलं: तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, विमानाचं आरक्षण, खोलीचं आरक्षण, आणि एक पानी पत्र. माझी ठरावीक नोकरी नाही, क्लास घेते, त्यामुळे पत्रावर मी वेळ घालवला. शोरो ऐकायला आणि शिकायला जाते आहे, तिथे वाजवून पैसे घेणार नाही, परतल्यावर क्लास सुरू आहेत, असं साध्या शब्दांत लिहिलं. पर्यटक म्हणून गेल्यावर तिथे कमाई करता येत नाही, तेव्हा ही गोष्ट स्पष्ट असलेली बरी.

10 फेब्रुवारीला कागद मुंबईत दिले. पासपोर्ट हातात आला 7 मार्चला. मधल्या काळात मी रोज सकाळी स्टेटस पाहायचे आणि रियाझाला बसल्यावर लक्ष लागायचं नाही. त्या वर्षी कार्निवल 4 मार्चपर्यंत होता. अर्ज करताना आपल्या सुट्ट्यांबरोबर त्यांच्याही सुट्ट्या कॅलेंडरवर बघून ठेवा.

विमानाचं तिकीट मुंबई–अदिस अबाबा–साओ पावलो आणि पुढे रिओ, जाऊन-येऊन एक लाख अठरा हजार. दोहा आणि दुबईवरूनही जाता येतं, माझ्या तारखांना ते महाग पडत होतं.

वाद्य

मैफलीत मी जे मॅन्डोलिन वाजवते त्याच्या जोड्यांमधली एकेक तार काढलेली आहे, म्हणजे मींड घेता येते, तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाता येतं. ते रिओला उपयोगाचं नव्हतं. घरात एक जुनं सपाट पाठीचं मॅन्डोलिन होतं, त्याला आठही तारा चढवल्या आणि व्हायोलिनसारखं जी-डी-ए-ई लावलं. घोडी थोडी खाली घेऊन फ्रेट घासून घ्यायला अठराशे रुपये लागले.

या मॅन्डोलिनची पाठ शिसवाची आहे, आणि शिसवावरून मी बरीच चौकशी केली. दुर्मीळ लाकडांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 2017 पासून शिसवी वाद्यांच्या व्यापारालाही परवाना लागत होता. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आपल्या शिसवाचं वाद्य आता बिनधास्त नेता येतं. ब्राझीलचं शिसव, म्हणजे जाकारांदा, मात्र 1992 पासून सगळ्यात कडक यादीत आहे. तिथे एखादं जुनं बान्दोलिम बघून जीव जडला तर पैसे काढण्याआधी लाकूड कोणतं हे नक्की विचारा.

दुसरी गोष्ट, कस्टम्स. परत येताना वाद्य नवीन आणलंय असं कोणाला वाटू नये म्हणून निघतानाच विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. सोबत वाद्याचा फोटो आणि किमतीचा कागद लागतो. बिल नव्हतं, म्हणून मी वाद्य बनवणाऱ्या कारागिराकडून किंमत लिहून आणली होती. त्या खिडकीवर पाऊण तास गेला, तेवढी सवड ठेवा.

28 मार्चच्या रात्री चेक-इनला काउंटरवरच्या मुलीने वाद्याची पेटी सामानात टाकायला सांगितली. छोटं वाद्य केबिनमध्ये चालेल असं उत्तर एअरलाइनकडून ईमेलवर आधीच मागून घेतलं होतं आणि त्याची छापील प्रत हातात होती. ती दाखवल्यावर प्रश्न मिटला. तारा एक स्वर उतरवून ठेवल्या होत्या.

तयारी, जी खरी महत्त्वाची

कागदपत्रांची भीती वाटते, पण ती कामं एकदा झाली की संपतात. पाठांतर मात्र निघण्याच्या तीन-चार महिने आधी सुरू करायला हवं. शोरोवाले कागद समोर ठेवून वाजवत नाहीत. शेकडो रचना त्यांच्या बोटांत असतात. नवख्याला बसायचं असेल तर निदान दहा-बारा रचना सुरांसकट आणि कॉर्डसकट (साथीला एकत्र वाजवायचे स्वरसमूह) पाठ हव्यात.

कॉर्डचं शिक्षण रागदारीवाल्यांना नसतं. मी पुण्यातल्या एका ज्येष्ठ ऑर्केस्ट्रावादकांकडे गेले. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आयुष्य काढलेला हा माणूस. काकांनी मला दोन महिने बाकी काही न शिकवता फक्त कॉर्डचे आकार आणि ते बदलताना डाव्या हाताने कमीत कमी कसं हलायचं एवढंच करून घेतलं. आपल्याकडे हे ज्ञान अशा लोकांपाशी आहे आणि ते मनापासून देतात. त्यांच्याकडे जा.

भाषेसाठी पणजीच्या एका बाईंकडे ऑनलाइन पोर्तुगीज शिकले. उच्चार रिओचे फार वेगळे निघाले, तरी व्याकरणाचा पाया कामी आला. रिओत इंग्रजीवर भागेल असं धरून चालू नका.

पहिले दिवस

लारांजेइरास भागात एका आजींच्या घरी खोली घेतली होती, महिन्याला 2,800 रेआल. एक रेआल तेव्हा साडेचौदा-पंधरा रुपयांचा होता. हा भाग मुद्दाम निवडला, कारण रविवार सकाळचा साँव साल्वादोर चौकातला शोरो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मेट्रोचं तिकीट तेव्हा आठेक रेआल होतं. रात्री वाद्य घेऊन फिरताना टॅक्सीच करायची, फोन रस्त्यात हातात धरायचा नाही, आणि पेटीऐवजी साधी पाठीवरची पिशवी वापरायची, असं आजींनी पहिल्याच दिवशी बजावलं. मी ते पाळलं.

आईची काळजी जेवणाची होती. शाकाहारी माणसाचं वजनावर जेवण देणाऱ्या खानावळींत व्यवस्थित भागतं: ताटात हवं ते वाढून घ्यायचं, ताट तोलून पैसे. भात, घेवडा, कोबी, केळ्याचे काप. काळ्या घेवड्यात डुकराचं मांस असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे दर वेळी विचारायचं.

स्थानिक करक्रमांक असतो, सेपेएफ नावाचा, तो ऑनलाइन खरेदीपासून तिकिटांपर्यंत सगळीकडे मागतात. परदेशी माणसालाही तो मिळतो. महिनाभर राहणार असाल तर निघण्याआधी वकिलातीतून करून घ्या. मैफलीत टोपी फिरते तेव्हा लोक फोनवरून पैसे देतात आणि त्याला तिथलं बँक खातं लागतं, म्हणून मी सुट्ट्या नोटा कायम जवळ ठेवल्या.

शिकणं

ओळखीच्या ओळखीतून एक बान्दोलिम शिक्षक मिळाले होते. तासाला 180 रेआल. पहिल्या तासाला त्यांनी माझ्याकडून थोडी किरवाणी ऐकली, डोळे मिटून, मनापासून. मग म्हणाले, "छान. आता सूर ठेवा बाजूला." आणि पूर्ण तासभर मला फक्त साथ करायला लावली. ते बासरीसारखी चाल वाजवत होते आणि मी कॉर्ड. त्याआधी दहा मिनिटं मांडीवर थाप मारत पांदेइरोचा ठेका म्हणायला लावला. पांदेइरो म्हणजे झांजा लावलेलं डफासारखं वाद्य; अंगठा, बोटांची टोकं, तळव्याची कड असा हात सतत फिरत राहतो आणि एका मात्रेचे चार तुकडे कधी थांबतच नाहीत. पण ते चार तुकडे अगदी समान नसतात. दुसरा किंचित लवकर येतो की तिसरा किंचित थांबतो हे मला नेमकं सांगता येणार नाही. मशीनवर मोजून वाजवलं तर मात्र तो शोरो राहत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं.

हिंदुस्थानी कानाला सगळ्यात जड जातं ते हे, की षड्ज हलतो. आपल्या मागे तानपुरा असतो, कुठेही भटकून आलं तरी 'सा' जागेवर असतो. शोरोच्या पारंपरिक रचनेत तीन भाग असतात. पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, पहिला एकदा, तिसरा दोनदा, पुन्हा पहिला. तिसऱ्या भागात बहुतेक वेळा षड्ज मध्यमावर जाऊन बसतो, किंवा मायनरचं मेजर होतं, म्हणजे कोमल गंधाराचा शुद्ध होतो. मूर्च्छनेचा, म्हणजे त्याच स्वरांत षड्ज बदलून पाहण्याचा, अभ्यास इथे उपयोगी पडला. किरवाणीचे स्वर म्हणजे त्यांचं हार्मोनिक मायनर, त्यामुळे मायनरमधल्या रचनांत दोन-चार आवर्तनं मी घरी असल्यासारखी वाजवायचे. मग एखादा कॉर्ड असा यायचा की त्यातला एक स्वर किरवाणीत नाहीच. शिक्षकांनी यावर दिलेला धडा प्रत्येकाने घरी करावा असा आहे: संपूर्ण रचनेत प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा स्वर वाजवायचा, बाकी काही नाही. पंधरा दिवसांत कान वळायला लागतो.

उजव्या हाताबद्दलही सांगते. 'झाला' या वेगवान, सलग छेडण्याच्या प्रकाराच्या सवयीने माझा हात भरगच्च वाजवायला जायचा. जाकोबची ध्वनिमुद्रणं घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की तो लांब स्वरांवर थरथर देतो तीसुद्धा मोजकी. कधी स्वर एकदाच छेडून सोडून देतो आणि ती मोकळी जागा गिटारवाल्यासाठी ठेवतो. सात तारांच्या गिटारवर खर्जातून वर चढत येणारी उत्तरं असतात. त्यांना जागा दिली नाही तर शोरोतला निम्मा संवाद हरवतो.

शनिवारी रिओच्या उर्का भागात, विद्यापीठाच्या आवारात शोरोची शाळा भरते. 2000 साली वादकांनीच सुरू केलेली. 5 एप्रिलला पहिल्यांदा गेले. दुपारी सगळे विद्यार्थी झाडांखाली एकत्र जमून वाजवतात, दहा-बारा वर्षांच्या पोरांपासून आजोबांपर्यंत. बासऱ्यांची रांग, काव्हाकिन्यो म्हणजे चार तारांच्या इवल्या गिटारींची रांग, बान्दोलिमांची रांग. माझ्या वाद्याचे एवढे वाजवणारे एका जागी मी आयुष्यात पाहिले नव्हते. खूप भरून आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

गोल

शोरो खरा वाजतो तो गोलात. एका टेबलाभोवती वादक बसतात, तोंडं एकमेकांकडे, पाठी श्रोत्यांकडे. या गोलाला रिओत 'होदा' म्हणतात. कार्यक्रम ठरलेला नसतो. कोणीतरी चाल सुरू करतो, बाकीचे उचलतात.

इथले रिवाज कोणी लिहून देत नाही, म्हणून मी पाहिलेले सांगते. पहिल्या खेपेला वाद्य पिशवीतच ठेवा आणि गोलाबाहेर बसून ऐका. कोणत्या रचना वाजतात त्या वहीत टिपा आणि आठवडाभर त्याच बसवा. ओळख झाल्यावर विचारा, किंवा बोलावण्याची वाट बघा. बसायला मिळालं तर आधी साथ, तीही हळू. दुसरा चाल वाजवत असताना आपण तीच चाल वर वाजवायची नाही. आपली पाळी आली तर रचनेचं नाव आणि पट्टी सांगायची आणि सुरुवात करायची.

कोपाकबानातलं 'बिप बिप' हे एवढंसं दुकान यासाठी मोठी शाळा आहे. वादक आत कोंडून बसलेले, श्रोते फुटपाथवर. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून टाळ्या वाजवत नाहीत, चुटक्या वाजवतात. बोलणाऱ्याला लगेच गप्प केलं जातं. ऐकण्याला एवढी किंमत देणारी जागा मला आपल्या जुन्या खासगी बैठकांच्या फार जवळची वाटली.

साँव साल्वादोर चौकात मी सुरुवातीचे रविवार ऐकत बसले. 20 एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, वादक थोडे कमी होते. काव्हाकिन्यो वाजवणाऱ्या बाईंनी माझ्या पिशवीकडे पाहून हनुवटीने रिकाम्या खुर्चीकडे खूण केली. पहिल्या चार-पाच रचना मी साथच केली. मग त्यांनी विचारलं, तू काय वाजवशील? मी जाकोबचं 'नोइतिस कारिओकास' सांगितलं, जी मेजर. त्याचे दोनच भाग आहेत, म्हणून निवडलं होतं. पहिला भाग नीट गेला. दुसऱ्या भागात मी एक जागा थोडी मींडेने, ओढून घेतली, ठरवून नाही, हाताने घेतली. गिटारवाल्या आजोबांनी मान वर करून पाहिलं आणि खालून तोच आकार खर्जात उलटा वाजवून परत दिला. पुढच्या फेरीत मी तिथे थांबून राहिले, तर त्यांनी ती जागा भरली. एवढंच झालं. मला जे शिकायचं होतं ते त्या दोन फेऱ्यांत स्पष्ट ऐकू आलं.

23 एप्रिल हा राष्ट्रीय शोरो दिवस, पिक्सिंगिन्याच्या जन्मतारखेवरून 2000 साली कायद्याने ठरलेला. (पुढे संशोधकांना जन्मनोंदीत 4 मे 1897 ही तारीख सापडली, दिवस मात्र तोच राहिला.) रिओत त्याच दिवशी संत जॉर्जची सुट्टी असते, पहाटेच फटाके सुरू होतात, लोक लाल-पांढऱ्या कपड्यांत. जायचं तर हा आठवडा धरून जा. मेच्या सुरुवातीला खोल्यांचे भाव एकदम चढले, कारण 3 मेला कोपाकबानाच्या किनाऱ्यावर लेडी गागाची मोफत मैफल होती. अशा तारखा बुकिंगआधी तपासा.

कारिओका रस्त्यावर 'काझा दो शोरो' आहे, 2015 साली उघडलेलं. मैफली, वर्ग आणि जुन्या रचनांचा मोठा संग्रह तिथे आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्राझीलने शोरोला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्याचा अभिमान तिथल्या लोकांच्या बोलण्यात दिसतो.

परत

6 मेला निघाले. मुंबईत आरोग्य खिडकीवर पिवळं कार्ड पाहिलं, पुढे कस्टम्सला निर्यात प्रमाणपत्र दाखवायची वेळ आली आणि दोन मिनिटांत सुटका झाली. एक पांदेइरो विकत आणला, 420 रेआलचा, बकऱ्याच्या कातडीचा. इथल्या पावसाळ्यात कातडी सैल पडते, त्यामुळे वाजवण्याआधी किल्लीने ताणून घ्यावी लागते. एकूण खर्च सगळं धरून पावणेतीन लाखांच्या आसपास गेला. त्यात तिकिटानंतर मोठा वाटा खोली आणि शिकवण्यांचा.

सध्या काका, माझी एक विद्यार्थिनी आणि तबला वाजवणारा एक मित्र असे आम्ही रविवारी माझ्या घरी टेबलाभोवती बसतो. मित्राने पांदेइरोवर हात बसवायला घेतलाय, काका कॉर्ड सांभाळतात. पिक्सिंगिन्याचं 'उम आ झेरो' घेतलं आहे, 1919 मध्ये ब्राझीलने उरुग्वेला एक-शून्यने हरवलं त्या फुटबॉल सामन्यावर बेतलेलं. फार वेगाचं आहे, अजून अर्ध्या लयीतच चाललंय. ते पूर्ण लयीत बसलं की व्हिसाचा फॉर्म पुन्हा उघडणार आहे, या खेपेला चौघांचा.